आकडे

मंगळवार, शनिवार. त्र्यंबक नाक्याजवळचं डायलिसिस सेंटर.
चार नंबरची खुर्ची माझी, पाच नंबरची गंगाधरभाऊंची.
समोर खिडकी, खिडकीत एक कुंडी,
तिच्यात कधी काही उगवलेलं पाहिलं नाही.
चार तास रक्त बाहेर फिरायला जातं
आणि आम्ही दोघं बोलत बसतो.
लासलगावचा भाव, गंगापूर धरणाची पातळी,
तांबट गल्लीतलं त्यांचं दुकान, आता मोबाइलच्या कव्हरचं,
माझ्या शिवणवर्गातल्या मुली,
ज्यांना आता स्वतःच्या सुना आल्यात.

सगळं बोलतो. एक सोडून.

सुई टोचताना मी डोळे मिटते.
ओठ हलतात, ते मला थांबवता येत नाहीत.
"काय पुटपुटता हो, उजागरेबाई?"
पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हटलं, आकडे मोजते.
पावसाळ्यात पुन्हा विचारलं. म्हटलं, आकडे.
दिवाळीत, डॉक्टरांची नजर चुकवून
चकलीचा डबा पुढे करताना तिसऱ्यांदा.
चकली मोडत म्हटलं, सवय झालीय मोजायची.
आणि खरं सांगते, मागच्या चाळीत
कुणाचातरी कोंबडा भर दुपारी आरवला.
नर्स हसली, "याला वेळच कळत नाही."
मला कळली.

शरणपूरच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी
साक्ष कशी द्यावी याचा वर्ग घेतला होता.
वहीत उतरवून घेतलं, पाच मुद्दे, प्रत्येकाला एक वचन.
वही डब्याच्या पिशवीत, चपात्यांच्या खाली,
तेल लागून तिसरा मुद्दा पुसट झालाय.

कुणी मारेल अशी भीती नव्हती.
भीती त्या एका नजरेची:
अच्छा, म्हणून गोड बोलत होतात होय वर्षभर?
हल्ली चांगुलपणाचीसुद्धा पावती मागतात लोक.
आणि दुसरी, जी पाळकसाहेबांनाही सांगितली नाही:
सांगायला गेले आणि आत काहीच नसलं तर?
चारचौघांत डबा उघडावा आणि रिकामा निघावा, तसं.

काल भाऊंची शीर सापडेना.
चार वेळा टोचलं. साठ वर्षं तांबं ठोकलेला हात
गादीवर थरथरत पडलेला.
माझ्याकडे मान वळवून म्हणाले,
"तुमचे ते आकडे मला सांगा ना. कितीपर्यंत मोजता?"

मला आधीच नळ्या लावलेल्या, पिशवीपर्यंत वाकता येईना.
जीभ टाळूला चिकटलेली.
म्हटलं, "भाऊ, आकडे नाहीत ते. तीनदा खोटं बोलले.
येशूशी बोलते मी.
म्हणते, तुलाही टोचलं होतं, तुला ठाऊक आहे."
पाचातला एकही मुद्दा नाही यात.
मग थांबता आलं नाही. सुहास गेला त्या रात्रीचं सांगितलं,
ओट्याची कड धरून उभी होते पहाटेपर्यंत
आणि स्वयंपाकघरात एकटी नव्हते.
"कसं, ते विचारू नका. नव्हते."
आवाज कापत होता, पार शेवटपर्यंत.
तो थांबला की बोलू, असं म्हणता म्हणता
वर्ष घालवलं होतं मी.

भाऊ बराच वेळ छताकडे बघत राहिले.
शीर सापडली होती, नळीत लाल चढत होतं.
"मठारताना," म्हणाले, "भांड्याच्या आतून खरवई लागते.
आत आधार नसेल तर ठोक्यागणिक पोचा."
मग जरा वेळाने, मिश्कील,
"आमचा गंगेवर जायचा नेम तुम्हाला माहीत आहे.
तुमचा तो उतरला होता का कधी नदीत?"
"उतरला होता. सगळ्यांसारखा रांगेत उभा राहून."
"रांगेत?" भाऊंना ते फारच आवडलं.
"रामकुंडावर तर मेलं कुणी रांग लावत नाही!"

उरलेलं शनिवारी.
आत्तापासूनच पोटात गोळा आहे, तो राहू दे.
पिशवी भरताना वही काढून कपाटात ठेवली.
जागा झाली, तिथे चार चकल्या.