डावी बाजू

खानापूर रोडला, फाटकाच्या अलीकडे
सचितनं बार्बेक्यू काढलं, तेव्हा आधी भट्टी आली,
लोखंडाची, आडवा माणूस झोपेल एवढी.
मग भट्टीला माणूस म्हणून इम्तियाज आला.
मग पाटी. वर मोठं कन्नड, खाली बारकं इंग्रजी,
मराठीला जागा उरली नाही,
ती आम्ही आत बोलतो.
सगळ्यात शेवटी मला म्हणाला,
"शेवंताक्का, साइडचं तेवढं तुम्ही बघा की."

साइडचं.
आमच्यात त्याला डावी बाजू म्हणतात.
मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर.
ताट वाढायला शिकताना पहिली चूक तिथंच व्हायची
आणि चिमटाही तिथलाच बसायचा.

त्यानं बहारीनहून आणलेल्या कागदावर
पहिलंच नाव कोलस्लॉ.
कडोलीचा कोबी चिरला, मेयोनीज कालवलं.
तीन वाजेपर्यंत त्याला घाम फुटला.
पहिल्या शनिवारी बावीस वाट्या गेल्या,
एकोणीस परत आल्या.
मोरीपाशी उभी राहून मी मोजल्या.
मांसाबद्दल माणसं तोंडानं बोलतात,
डाव्या बाजूबद्दल खरकटं बोलतं.

कागद उलटा घालून मी इम्तियाजकडं गेले.
निखारे सारत तो म्हणाला,
"धूर जिभेवर बसून राहतो अक्का,
त्याला उठवणारं काय तरी द्या."

उठवणारं.
कांदा, चिरलेला नव्हे, बुक्कीनं फोडलेला.
दही, रात्री आठला विरजलेलं,
त्यात संकेश्वरी मिरची नुसती चुरडून.
कच्ची मेथी, देठासकट.
निंगव्वा म्हणाली, बैलहोंगलाकडं आम्ही रोट्टीसंगं अशीच खातो,
शेळीवाणी, आणि स्वतःच हसत सुटली.
कारळ्याची चटणी. ती गुरेळ्ळु म्हणते, मी कारळं,
खलबत्त्याला दोन्ही कळतं.
भाजताना मात्र कुणीच बोलायचं नाही,
एक शब्द जास्त झाला की कडू.

आणि रताळी.
"एकादशी काढालायसा काय हॉटेलात?" सचित म्हणाला.
मी उत्तर दिलं नाही. जांबोटीची लाल रताळी
भट्टीच्या कडेला राखेत पुरली,
जिथं मांसाला पुरेशी धग लागत नव्हती.
आठवड्यानं ती कागदावर आली.
त्यानंच लिहिली. स्पेलिंग चुकवून.

परवा गोकाकचं एक कुटुंब आलं, नातवाचा वाढदिवस.
आजीबाई टोकाच्या खुर्चीत, पदर नाकाला,
गळ्यात लिंग, समोर फक्त पाणी.
मी आतून माझी विळी घेऊन गेले,
मोडक्या कन्नडात सांगितलं,
ही माझ्या घरची, हिला मांस लागलेलं नाही.
त्यांनी पात्याला बोट लावून बघितलं,
मग माझ्याकडं.
नवं ताट, नवं पाणी, सगळी डावी बाजू वाढली.
रताळं नाही वाढलं.
ते त्याच राखेतलं, ते तुम्हाला नको, म्हणाले.
बाजूला नातू भाजलेलं रताळं फुंकून फुंकून खात होता,
त्याच्या बोटांकडं त्या बघत राहिल्या.
मेथी संपवली. दही संपवलं.
कारळ्याच्या वाटीवर हात ठेवून म्हणाल्या,
"इन्नू स्वल्प."

त्या रात्री खरकट्यात त्यांचं ताट ओळखता आलं,
मिरचीचा एक देठ आणि बाकी लख्ख.
तरी मला झोप आली नाही.
खोटं बोलले असते तर रताळं खाल्लं असतं त्यांनी.

सकाळी आले तर मोरीच्या मागं तीन विटा,
मध्ये कोरा कोळसा नुकता पांढरा होत आलेला,
आणि शेजारी खुरपं, बाजारातनं आत्ताच आणलेलं,
किमतीचा कागद अजून चिकटलेला.
इम्तियाज तिकडं भट्टी घासत होता, पाठमोरा.
मी विचारलं नाही.
टोपलीतनं चार रताळी उचलली,
माती झटकली.