खिडकी क्रमांक चारच्या अलीकडे

परराष्ट्र खात्याच्या भिंतीला टेकून माझी टपरी.
एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, वीज गेली तर जुना टाइपरायटर,
आणि पाटी: भाषांतर, इटालियन-फ्रेंच-इंग्रजी, त्वरित.
त्वरित हा शब्द मुलानं घातला.
मी घाई करत नाही. चुकलेलं एक अक्षर
माणसाला वर्षभर खेटे घालायला लावतं.

आज पहिली आली अस्नाकेच वोल्देसेन्बेत.
पिशवीत पिशवी, तिच्यात फडकं, फडक्यात कागद,
शेजारणीकडे गरम इंजेरा न्यावी तसे.
अदिस अबाबात सोळा वर्षं लोकांच्या चुली सांभाळल्या,
आता तोरिनोच्या एका माणसाशी लग्न करायचंय.
त्याची बायको वारली, त्याची बेकरी आहे, गुडघे दुखतात.
एवढं तिनं न विचारता सांगितलं.

जन्म: पागुमे चार, एकोणीसशे चौऱ्याहत्तर.
आमचा तेरावा महिना, पाच दिवसांचा,
त्यांच्या कॅलेंडरात त्याला जागा नाही.
मी बोटांवर मोजून तिला नऊ सप्टेंबरात नेऊन बसवलं
आणि साल आठानं पुढं सरकवलं.
"म्हणजे मी लहान झाले की म्हातारी, गाशे मेकुरिया?"
"होतीस तेवढीच."

त्यांना आडनाव लागतं.
आमच्यात बापाचं नाव, त्यामागं आजोबाचं, पुढं मोकळं रान.
मी आजोबाला उभं केलं त्या रकान्यात:
गोबेना, ज्यानं आयुष्यात चपला घातल्या नाहीत,
तो आता हिच्याबरोबर विमानात बसणार.

मग खालचा कागद.
वोरेदाच्या कचेरीनं लिहिलंय,
नोंदवहीप्रमाणे हिचा विवाह झालेला नाही.
जांभळा गोल शिक्का, थोडा उडालेला.
या सहीवर दुसऱ्या कचेरीची सही हवी,
तिच्यावर खिडकी चारची, तिच्यावर वकिलातीची.
जो तो मागच्याच्या सहीची हमी घेतो.
सहीच्या वरची ओळ कुणीच वाचत नाही,
ती वाचायला लागते फक्त मला.

"गाशे," ती म्हणाली,
"अकरा वर्षं मी तादेलेबरोबर राहिले.
जिबूतीच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा.
नोंद करू, म्हणायचा, पुढच्या पगाराला.
मग रस्त्यानंच त्याला ठेवून घेतलं.
मी रडायला गेले तर त्याची आई म्हणाली,
काळं नेसू नकोस. कागद कुठाय तुझा?"

प्रिंटर तापत होता. मी त्याच्याकडं बघत राहिलो.

"मधला शब्द नाही का?
झालेलं नाही, आणि झालेलं आहे, यांच्यामधला?"

चाळीस वर्षं शब्दकोश उशाशी घेऊन झोपतोय.
नव्हता. त्यांच्या कचेऱ्यांत अशा बाईसाठी
एकच छापील शब्द चालतो, तो मी टाइप केला.
"काय लिहिलंत?"
"लीबेरा."
"म्हणजे?"
"मोकळी."

ती हसेल असं वाटलं होतं.
तिनं तो शब्द बोटानं दाबून पाहिला,
शाई वाळली का बघतात तसा.

खिडकी तीनला उघडते. आमच्या तीनला, त्यांच्या नऊला.
लोक उठून रांगेत लागले.
पैसे देऊन ती निघाली आणि परत आली.
"एक कोरा कागद आहे?
त्याचं नाव लिहा. त्यांच्या अक्षरांत.
तादेले बिरू."
"नावाचं भाषांतर नसतं, पोरी.
आणि यावर कुणी शिक्का मारणार नाही."
"शिक्का नकोच."

लिहिलं. खाली, विचारलं नव्हतं तरी, ड्रायव्हर असंही लिहिलं.
तिनं तो बाकीच्या कागदांत ठेवला नाही,
फडक्याच्या दुसऱ्या टोकाला बांधला, वेगळा.

याचे पैसे घेतले नाहीत. मुलगा विचारेल
तर प्रिंटरनं एक कागद खाल्ला म्हणून सांगेन.