पान एकेचाळीस

फहाहीलच्या मागच्या गल्लीत, फोटोकॉपीच्या दुकानात
शाजीने माझ्या पुस्तकाच्या कण्याला गोंद लावला
आणि वर दाब म्हणून ठेवला गाडीचा जॅक.
शंभर प्रती. प्रतीला सव्वा दिनार.
त्याच्या मशीनवर जोडाक्षरं फुटत होती:
'अंतराळ' नीट आलं, 'सृष्टी'चे तुकडे पडले.
'तुमच्या भाषेला हाडं फार,' तो म्हणाला.
असू दे. मी दिवसभर लोकांचे दात बनवते.

मुखपृष्ठावर यान, खाली नाव: श. दळवी.
'शमीम' मावलं असतं.
मी लिहिलं नाही. हे आधीच सांगून टाकते.

म्हणून मंगफच्या विज्ञानकथा मंडळाचं बोलावणं आलं:
श्री. दळवी यांनी सपत्नीक यावे.
मी नणंदेला घेऊन गेले.
अभ्यंकरांनी दार उघडलं, आमच्या मागे जिन्यात पाहिलं,
जिन्यात कोणी नव्हतं.

चौदा माणसं, एक प्रोजेक्टर, साबुदाण्याची खिचडी.
चाळीस पानं माझा कप्तान दळवी त्यांना आवडला होता.
करारी आहे, म्हणाले. आपला वाटतो.
पान एकेचाळीसवर इंधन गळतं, दिवे जातात,
आणि तो पुटपुटतो, या अल्ला, चालू हो रे बाबा.
तिथे कोणीतरी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं होतं.

'अंतराळात धर्म कशाला?' अभ्यंकर म्हणाले,
अगदी प्रेमाने.
त्यांच्या कथेत उड्डाणाआधी यानावर नारळ फुटतो.
त्याला वातावरणनिर्मिती म्हणतात.
माझा पणजा दाभोळहून ताऱ्यांच्या अंदाजाने
बसऱ्याला पोचायचा, खजूर भरायला.
त्याला काय म्हणतात ते मी विचारलं नाही,
तोंडात खिचडी होती.

मग तक्षशील ओव्हाळ बोलला. मीना अब्दुल्लाला क्रेन चालवतो,
उंचावर एकटं बसायची सवय, आवाज मोठा.
'साहेब, सन एकोणतीसशेमध्ये तुमच्या यानातली मोरी कोण धुतं?'
'रोबो.'
'मग सगळ्यांना अहो आणि त्यालाच अरे का?'
प्रोजेक्टरचा पंखा तेवढा फिरत राहिला.
कोणी म्हणालं, इथे तरी हे नको.
कोणी म्हणालं, कथा बघा, आडनावं काय बघता.
आडनाव बघूनच तर चाळीस पानं वाचलीत, नणंद म्हणाली,
कोकणीत, आणि सगळ्यांना कळलं.

मला वाटलं, जिंकलो.
ओव्हाळ माझ्याकडे वळला.
'बाई, तुमच्या यानात पान बारावर जेवण येतं.
नुसतंच येतं. कोण आणतं?'

मी पान उघडलं. खरंच.
'जेवण आलं.' दोन शब्द.
ताटाला हात नव्हते.

निघताना अभ्यंकरांनी खिचडी डब्यात बांधून दिली.
चिडलेले होते, तरी झाकण दोनदा दाबून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये अकराचा चहा आला.
नुसताच आला.
चार वर्षं येतोय.
आणणाऱ्याचं नाव मी पगाराच्या वहीत शोधलं.

उरलेल्या शहाऐंशी प्रती परत शाजीकडे नेल्या.
एक चिठ्ठी छापून घेतली, आत चिकटवायला:

*शुद्धिपत्र.*
*पान १२: 'जेवण आलं' ऐवजी*
*'नूरुलने जेवण आणलं' असे वाचावे.*
*मुखपृष्ठ: 'श.' ऐवजी 'शमीम' असे वाचावे.*
*पान ४१: दुरुस्ती नाही.*

शाजीने विचारलं, हा नूरुल पुढे काय करतो?
अजून ठरलं नाही, मी म्हटलं.
म्हणजे एवढंच? जेवण आणतो?
मी गोंदाची बाटली घट्ट धरून बसले.

बाहेर तोझ सुटला होता, शटर अर्धं उघडं.
ओल्या गोंदावर वाळू बसली.
वाळल्यावर चिठ्ठीवरून बोट फिरवलं
तर नूरुलपाशी अजून खरखरतं.