नव्वदावा दिवस

कसबा बावड्याच्या अलीकडं आमची चाचणीची खोली.
पत्र्याचं छप्पर, पाण्याची टाकी, एक दाबयंत्र,
भिंतीवर कॅलेंडर. त्यात सण कोरे,
सात, अठ्ठावीस, नव्वद एवढेच दिवस
लाल पेनानं गोल केलेले.

मार्चात एक पोतं आलं, ज्वालामुखीची राख.
कुठल्या बेटावरची, ते बिलावर पुसट.
हात घातला. राखुंडीसारखी मऊ नाही,
खरखरीत,
काचेचा चुरा दात आवळून बसल्यासारखी.

दस्तगीर मिस्त्री म्हणाले,
"घाटाच्या पायऱ्यांचा काळा दगड बघ.
त्योबी एकदा पातळ हुता, वाहत आला हितं."
मग इथली राख कुठं गेली?
मिस्त्रींनी तंबाखू मळली, चिमूट झटकली.
"वारं हुतं की त्या वक्ताला."

शंभरातलं पंचवीस किलो सिमेंट काढलं,
पंचवीस राख घातली.
तेवढी भट्टी कमी पेटली असेल कुठंतरी.
धूर मोजायचं यंत्र आमच्याकडं नाही.
वहीत नुसतं पंचवीस लिहिलं.

सातव्या दिवशी ठोकळा लगेच फुटला.
ठेकेदार वडणगेकर हसले:
"राखेचं घर बांधतीस व्हय गं?"
अठ्ठाविसाव्याला ते आलेच नाहीत.
बरं झालं. काटा तेव्हाही जरा कमीच होता.

सिमेंट भिजताना चुना सोडतं,
मोकाट, बिनकामाचा.
राख त्याला एकेक करून गाठते, बसवते, कामाला लावते.
टाकीत वाकून पाहिलं तर
काहीच हलत नसतं.

"आजा माझा," मिस्त्री म्हणाले,
"घाण्यात चुना आन् विटांची सुरकी मळायचा.
हीर बांधली की पैसं मागायला
फुडल्या उन्हाळ्यात जायचा."

नव्वदाव्या दिवशी आम्ही दोघंच.
काटा चढला, चढला,
निव्वळ सिमेंटच्या आकड्यापाशी पोचला
आणि न थांबता पुढं गेला.
मग एकच आवाज. चारी बाजू सारख्या झडल्या,
मधोमध उरलं डमरू.

ते आता खिडकीच्या झडपेला लावलंय, आपटते म्हणून.
वडणगेकरांना फोन नाही केला.

दुसऱ्या टाकीत साखर कारखान्याची राख आहे,
बॉयलरमधली, उसाच्या चिपाडाची, काळीकुट्ट,
इथलीच.
तिचा आज चौथा दिवस.
इतक्यात काही विचारू नका.