बेचाळीस इंची

सालमियातल्या दुकानात दोन टीव्ही शेजारी शेजारी,
दोन्हीवर तोच फुटबॉल, तेच ओलं गवत.
अन्सार म्हणाला, मॅडम, प्लाझ्माचा काळा बघा,
एलसीडीचा काळा म्हणजे विटलेली छत्री.

उपेंद्र मागे वाकून विजेचे आकडे वाचत होता.
इथे वीज जवळपास फुकट, तरी वाचत होता.
मग वजन. छत्तीस किलो,
आडवा निजवायचा नाही, काच दुखावते.
व्हिसा संपल्यावर कार्गोत
कोण उभं राहणार त्याच्यासोबत?

आणि आमची खिडकी पश्चिमेची,
जाड पडदे लावले तरी दुपार आत शिरते.
"प्लाझ्मात आपलंच प्रतिबिंब दिसतं,"
अन्सारने आवाज खाली आणला,
स्थळातला दोष सांगावा तसा.

मी पाहिलं.
प्रेक्षकांच्या अंधारात आम्ही दोघं,
मध्ये एका माणसाची जागा.
बऱ्याच दिवसांनी एका चौकटीत.

घेतला एलसीडीच.
हलका. तापत नाही.
बंद केला की त्यात कुणी नसतं.

त्याची ड्यूटी रात्रीची, माझी दिवसाची.
रिमोट अजून प्लास्टिकच्या पिशवीत,
सोफ्यावर.
कधीकधी मी येते तेव्हा
पिशवी थोडी कोमट असते.