पालकाची संमती

परिपत्रक बुधवारी आलं, शाळेच्या डायरीत चिकटवलेलं:
अठरा वर्षांखालील मुलांचे सर्व ऑनलाइन खेळ
रात्री दहा ते सकाळी सहा बंद राहतील.
उघडायचेच असतील तर
पालकाच्या मोबाइलवर सहा आकडे येतील.
खाली मामलेदारांची सही, तिचं शेपूट
शिक्क्याच्या बाहेर गेलेलं.

मीही सही केली. दयेश वळवईकर, राहणार बेती.
व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, नोकरी.
इल्दा टीचरनी वर पाहिलं, विचारलं काही नाही.
बेतीत सगळ्यांना ठाऊक असतं
कोण कुठल्या बोटीवर आहे.

नऊ वाजता मोबाइल लॉकरमध्ये जातो.
आमच्याकडे नियम कडक. पॅन्टचे खिसे शिवलेले.
टेबल सोडताना दोन्ही तळवे
उलटसुलट करून छताला दाखवायचे,
छतात कॅमेरा.
घरी ताटावरून उठतानाही माझे हात तसेच फिरतात.
पूर्वी बायको विचारायची, कुणाला दाखवतोस?
आता विचारत नाही.

आणि रात्रभर, लॉकर नंबर एकशे बारामध्ये,
पत्र्याच्या आत, पाण्यावर,
एक फोन उजळतो, विझतो.
सहा आकडे. मग दुसरे सहा.
प्रत्येकाचं आयुष्य दहा मिनिटं.
साईश माझी परवानगी मागत असतो
तेव्हा मी नागपूरच्या एका गृहस्थाला
शिकवलेल्या मऊ आवाजात विचारत असतो,
सर, अजून एक?

त्यांची पापणी लवत नाही.
समोरचं सँडविच वाळून कडांनी वर वळलेलं.
मुलीचं लग्न आहे म्हणाले, डिसेंबरात.
मी पत्ता वाटतो.
जिन्याशी चौकटीत आमचा परवाना टांगलाय,
काचेवर बोटांचे ठसे.
त्यावरचा दीप आणि परिपत्रकावरचा दीप
एकच आहे. वातसुद्धा तेवढीच उंच.

पंधरवड्यात तिंट्यावर नवा धंदा उभा राहिला.
मटक्याची चिठ्ठी फाडणारा कुष्टा
अकरा पोरांचा पालक झाला.
नंबर त्याचा, फोन त्याचा,
दहा रुपयांना सहा आकडे, उधारी नाही.
ओपन-क्लोजपेक्षा बरं, म्हणतो,
यात आकडा दर वेळी लागतो.
पोलीस आले, त्याला समज दिली,
एकानं जाताना हळूच विचारलं, आज काय लावू?

साईश कुष्टाकडे गेला नाही.
का, ते मला अजून कळलेलं नाही.
रविवारी मोजले: एकेचाळीस मेसेज.
बहुतेक बारा ते दोनमधले. एक पावणेपाचचा.
पावणेपाचला कोण खेळतं?
पावणेपाचला आमच्याकडे शेवटचं टेबल मिटतं,
हे त्याला ठाऊक आहे.

पहिल्या फेरीबोटीनं परततो. माणसाला तिकीट नाही.
मालीमच्या धक्क्यावर ट्रॉलर लागलेले,
बर्फ फोडण्याचा आवाज पाण्यावरून येतो.
बोलायचं ठरवून येतो मी दर पहाटे.
वाक्यंही तयार असतात:
हे बघ, ते खेळ असे बनवतात की
थांबायची जागाच ठेवत नाहीत.
मला माहीत आहे कसं बनवतात.
आमच्याकडे घड्याळ नाही एकही,
खिडकीला पडदे शिवून टाकलेत.

आज दार लोटलं तर तो जागाच होता,
भिंतीला टेकून, मांडीवर फोन,
पडद्यावर गोल गोल फिरणारं चक्र:
पालकाच्या संमतीची प्रतीक्षा.
मी तोंड उघडलं.
त्यानं फोन चटईवर उपडा ठेवला
आणि दोन्ही तळवे माझ्यासमोर धरले,
पालथे केले, पुन्हा उताणे,
अगदी बरोबर, आमच्या लयीत.
हे मी त्याला कधीच शिकवलं नव्हतं.

बाहेर सहा वाजले असावेत.
चटईखालून खेळ सुरू झाल्याची धून आली.
आम्ही दोघांनीही
तिकडे बघितलं नाही.