बाटलीत काय होतं

वेइक्को तिआइनेन, वय एकसष्ट,
बर्फ सारायच्या गाडीवरचा ड्रायव्हर.
सरपण फोडत होता. पुढे कधीतरी म्हणाला,
कुऱ्हाड लाकडात नाही, माझ्याच मानेत रुतली असं वाटलं,
वळून पाहिलं तर मागे कुणीच नव्हतं.

कुओपिओला आणला तेव्हा रात्रीचे अडीच.
डावीकडच्या धमनीच्या फाट्यावर
मिरीच्या दाण्याएवढा फुगा, फुटलेला.
प्लॅटिनमची तार आत गुंडाळून तो बुजवला.
रक्त थांबलं.
लोकांना वाटतं, गोष्ट इथे संपते.

माझं काम इथून सुरू होतं.
मी संशोधनाची नर्स.
त्याच्या बहिणीला, आइलीला, कॉफीच्या मशीनपाशी गाठलं.
संमतीची अकरा पानं. ती दुसऱ्यावरच अडली.
"म्हणजे औषध मिळेलही, नाहीही?"
हो.
"तुम्हाला तरी ठाऊक असेल?"
नाही. डॉक्टरांनाही नाही.
"मग कुणाला?"
एका बंद यादीला, मी म्हटलं,
आणि ते देवाबद्दल बोलल्यासारखं ऐकू आलं.
तिने सही केली. पेन माझं होतं, तिच्याकडेच राहिलं.

सांडलेलं रक्त कुठे जात नाही.
साकळतं, धमन्यांना बाहेरून भिजवतं.
त्यांना रक्त आतून माहीत असतं, बाहेरून नाही.
चौथ्या दिवसापासून त्या आवळू लागतात,
थंडीत मूठ वळावी तशा.
रोज सकाळी कानशिलाला थंडगार जेल लावून
मी त्यांचा आवाज ऐकायची.
मोकळी धमनी भात्यासारखी वाजते.
आवळलेली शीळ घालते.
ऐंशी. पंच्याण्णव. एकशे चाळीस.
आकडा चढतो म्हणजे वाट बुजते आहे.

महिना कुठला? नोव्हेंबर.
आपण कुठे आहोत? तुमच्या तावडीत.
दोन्ही हात वर करा. दोन्ही वर.

सातव्या दिवशी महिना विचारला
तर तो म्हणाला, "आहवेन."
आहवेन हा आमच्या तळ्यातला मासा.
बहिणीचं नाव? मासा.
बाहेर काय पडतंय? मासा.
उजवा हात वर आला
आणि डुलकी लागल्यासारखा उतरत गेला.
वाईट हे की त्याला कळत होतं.
प्रत्येक चुकीच्या शब्दावर डोळे म्हणत होते:
हा नव्हे. हा नव्हे.

रक्तदाब चढवला, पुन्हा कॅथेटर घातला,
जे जे करतात ते केलं.
खांबावर बाटली ठिबकत होती, क्रमांक चारशे सतरा,
आणि मी तिच्याकडे बघून मनात म्हटलं,
खरी अस.
संशोधनात असं म्हणायचं नसतं.
त्या रात्री मी दोनदा म्हटलं.

दोन वर्षांनी निष्कर्ष आला. तीनशे बारा माणसं.
लक्षणीय फरक आढळला नाही.
एवढं एक वाक्य, आणि त्यात माझ्या सगळ्या सकाळी,
पुसून काढलेलं सगळं जेल.
बैठकीत कुणी काही बोललं नाही.
कुणीतरी खिडकी उघडली, लगेच लावली.

मग यादी उघडली, पत्रं गेली.
मार्चमध्ये वेइक्को आला, बहिणीसोबत,
उजवा पाय किंचित ओढत, पत्र हातात.
"बाटलीत काय होतं?"
लिहिलंय की, मी म्हटलं.
"तुमच्या तोंडून."
मीठ आणि पाणी.
तो बराच वेळ गप्प. शब्द शोधत होता
की हसू दाबत होता, कळेना.
"म्हणजे... एवढं सगळं... मिठावर?"
मिठाला जागणारे पाहिलेत मी.
मिठावर जागा झालेला हा एकच.

आणि ज्यांना खरं औषध मिळालं होतं,
त्यांतल्या किती जणांची पत्रं
मी घरच्यांच्या नावे पाठवली,
ते मी त्याला सांगितलं नाही.

निघताना आइलीने पर्समधून माझं पेन काढलं.
"माफ करा, यातली शाई संपली.
हा शब्द लिहीत बसायचा. दोन वह्या भरल्या."
कुठले शब्द, मी विचारलं.
"आधी महिने," ती म्हणाली.
"मग मासे."